मुतखडा अडकलाय हे ओळखायचं कसं? दुखणं थांबलं म्हणून फसू नका

सोलापुरात मार्च लागला, ऊन चाळिशीकडं सरकलं की आमच्या मेडिकलवर कुशीला हात लावून वाकलेली माणसं यायला सुरुवात होते. "खड्याचं दुखायलंय, मागच्या टायमाची तीच गोळी द्या." गोळी घेतात, दुखणं उतरतं, खडा पडला म्हणून मोकळे होतात. यातल्या बऱ्याच जणांचा खडा खरंच पडलेला असतो, पण ज्यांचा नसतो त्यांची किडनी आतल्या आत फुगत राहते आणि पुढं कधीतरी भलत्याच कारणानं सोनोग्राफी केली की कळतं. खडा कशानं होतो, टोमॅटो खावा का नको, पालक चालतो का, यात मी जात नाही. अडकलाय का, किती धोक्याचा अडकलाय आणि कुठल्या क्रमानं काय करायचं एवढंच सांगतो, कारण चुका नेमक्या क्रमातच होतात.

त्याआधी थोडं आतलं समजून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. किडनीतली लघवी मूत्राशयात आणणारी नळी, म्हणजे युरेटर, साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते आणि आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. खडा किडनीत पडून असतो तोवर बऱ्याचदा पत्ताही लागत नाही. तो या नळीत उतरला की अडकायच्या जागा ठरलेल्या, एक तर किडनीतून नळी सुरू होते तिथं, नाहीतर कमरेच्या हाडाजवळ ती मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तिथं, नाहीतर शेवटी मूत्राशयात शिरते तिथं, आणि ही शेवटची जागा सगळ्यात अरुंद. खडा अडकला की मागं लघवी तुंबते, किडनीवर दाब येतो, ती ताणली जाते आणि कळ सुटते. म्हणजे दुखणं खड्याच्या साइजवर नाही, दाब किती अचानक आला त्यावर असतं. म्हणूनच ३ मिमीचा खडा धडधाकट माणसाला फरशीवर लोळवतो आणि १२ मिमीचा, हळूहळू अडकलेला, महिनोन् महिने गप्प बसतो.

टप्पा १: दुखायच्या आधीची तयारी

ज्यांना एकदा खडा होऊन गेलाय किंवा सोनोग्राफीत "किडनीत खडा आहे, सध्या काही करायची गरज नाही" असं निघालंय त्यांच्यासाठी हा टप्पा आहे. कळ रात्री दोनला आली की घरातल्या कुणालाच काही सुचत नाही, म्हणून आधीच करून ठेवायचं.

घरात एक डिजिटल थर्मामीटर असू द्या, चालू असलेला. हे मी सगळ्यात वर सांगतोय, गोळ्यांच्या आधी, कारण पुढचा सगळा निर्णय तापावर आहे आणि "अंग गरम लागतंय" यावर डॉक्टर काही ठरवू शकत नाही. लघवी मोजायला मापाचा मग घ्या किंवा पाण्याच्या एक लिटरच्या बाटलीचं तोंड कापून बाहेरून पेननं पाव-पाव लिटरच्या खुणा करा. आणि लघवी गाळायला चहाची बारीक गाळणी, अर्थात वेगळी, स्वयंपाकघरातली नको.

जुने रिपोर्ट एका फाइलीत लावा आणि फाइलीच्या वरच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. खडा कुठल्या बाजूला, किती मिमी, शेवटचं क्रिएटिनीन (किडनी किती काम करतेय ते सांगणारी रक्ताची तपासणी) किती आणि कधीचं, शुगर-बीपीच्या गोळ्या कुठल्या, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे. एकच किडनी असेल, एक किडनी लहान किंवा कमजोर असेल, किंवा पूर्वी कुणाला किडनी दान केली असेल, तर ते लाल पेननं. या एका ओळीवर पुढचं सगळं बदलतं.

मग जायचं कुठं ते ठरवा. नुसता जवळचा दवाखाना नको, जिथं रात्रीसुद्धा सोनोग्राफी किंवा सीटी होतो आणि युरोलॉजिस्ट, म्हणजे किडनी-मूत्रमार्गाचा सर्जन, बोलावल्यावर येतो अशी जागा आधी फोन करून विचारून ठेवा. शहरात हे अवघड नाही. पण अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, पंढरपूर, बार्शी सत्तरच्या आसपास, आणि त्याच्याही आतल्या वाडी-वस्तीवर राहणाऱ्यांनी रात्री गाडी कुणाची हे नाव लिहून ठेवा. १०८ आहेच. पैशाची अडचण असेल तर सिव्हिल आहे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुठला हॉस्पिटल बसतो ते आधी बघा, तिथं आरोग्यमित्र बसलेला असतो त्याला विचारा आणि रेशनकार्ड-आधारची झेरॉक्स त्याच फाइलीत टाका.

टप्पा २: कळ आली, ही खड्याचीच का?

अडकलेल्या खड्याची कळ पाठीत, शेवटच्या बरगडीच्या खाली, एका बाजूला सुरू होते. तिथून पुढं कुशीत, ओटीपोटात, जांघेत उतरते, पुरुषांना अंडकोषापर्यंत जाते. लाटेसारखी चढते-उतरते, पण उतरली तरी मागं ठणका राहतोच. मळमळ, उलटी, घाम. आणि सगळ्यात ओळखीची खूण म्हणजे माणसाला एका जागी थारा नसतो. उठतो, बसतो, गुडघ्यात डोकं घालतो, परत फेऱ्या मारतो. याच्या उलट, जो माणूस हालचाल केली की दुखतं म्हणून अगदी निपचित पडून राहतो, पोट लाकडासारखं कडक झालंय, त्याचं दुखणं बहुतेक दुसरंच आहे, अपेंडिक्स किंवा आतडं, तिथं खड्याच्या नावानं वेळ घालवू नका.

कंबर भरणं वेगळं. लूमवर दिवसभर उभं राहून किंवा विड्या वळत एका बैठकीत बसून जी कंबर धरते ती वाकलं-वळलं की वाढते आणि आडवं पडलं की बरी वाटते. खड्याच्या कळेला तुम्ही कसेही झोपा, फरक पडत नाही.

आता खडा खाली सरकून मूत्राशयाच्या तोंडाशी आला की चित्र बदलतं आणि इथं लई जण फसतात. पाठीतलं दुखणं कमी होतं आणि त्याऐवजी सारखी लघवीला जाऊ वाटतं, दोन-चार थेंब होतात, जळजळ होते, पुरुषांना लिंगाच्या टोकाशी टोचल्यासारखं होतं. बायकांना तर हमखास "इन्फेक्शन झालंय" म्हणून अँटिबायोटिकचा कोर्स मिळतो, आमच्याकडं चिठ्ठी नसतानाही मागतात. आधी एका कुशीत कळ येऊन गेली होती का हा प्रश्न स्वतःला विचारा आणि डॉक्टरलाही सांगा.

लघवी लाल किंवा चहासारखी झाली तर खड्याची शंका वाढते, पण नाही झाली म्हणून खडा नाही असं नसतं, काही जणांच्या लघवीत रक्त दिसतही नाही आणि तपासणीत सापडतही नाही. आदल्या दिवशी बीट खाल्लं असेल किंवा टीबीची गोळी चालू असेल तर लघवीचा रंग त्यानंही बदलतो.

थांबा: पुढच्या चार जणांनी "खडाच असेल" असं घरी ठरवायचं नाही, थेट दवाखाना. साठीच्या पुढचा माणूस ज्याला आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आलीय (पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगून फुटायला आली तरी अगदी असंच दुखतं). पाळी चुकलेली किंवा दिवस गेलेली बाई. ज्या पोराचं अंडकोष सुजलंय किंवा हात लावू देत नाही तो, कारण अंडकोषाला पीळ पडला असेल तर हातात काही तासच असतात. आणि ज्याला छातीत दडपण, दम लागणं, डावा हात भरून येणं असं काही आहे तो.

टप्पा ३: गोळीच्या आधी ताप मोजा

हा क्रम उलटा होतो म्हणून वेगळा टप्पा केलाय. माणूस कळवळत असतो, घरचे हाताला लागेल ती गोळी देतात, आणि मग तासाभरानं ताप बघतात तर नॉर्मल. अहो, पॅरासिटामॉल असो नाहीतर डायक्लोफिनॅक, दोन्ही गोळ्या ताप उतरवतातच. म्हणजे जी खूण जीव वाचवणार होती ती तुम्ही स्वतःच पुसली.

म्हणून दोन मिनिटं थांबून आधी थर्मामीटर लावा, आकडा आणि वेळ कागदावर लिहा. त्यानंतर लघवी करून बघा, मापात धरा, रंग बघा, किती झाली ते लिहा. मग गोळी.

गोळीबद्दल. खड्याच्या कळेवर डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं चांगली लागू पडतात, डॉक्टरही पहिल्यांदा तीच देतात, पण ज्यांची किडनी मुळात कमजोर, एकच किडनी, क्रिएटिनीन वाढलेलं, पोटात अल्सर, दमा, हृदयाचा त्रास, रक्त पातळ करायची गोळी चालू, किंवा गरोदर, त्यांनी ही गोळी आपल्या मनानं घ्यायचीच नाही. बाकीच्यांनीही डॉक्टरनं पूर्वी दिलेली, त्याच डोसमध्ये, एकदा. एका डोसनं भागलं नाही तर दुसरा आणि तिसरा चढवत बसू नका, तसं दुखणं म्हणजेच दवाखान्यात जायची वेळ. उलट्या होऊन अंगातलं पाणी गेलेलं असताना ही गोळी किडनीला जास्त लागते, हे उन्हाळ्यात विसरू नका.

तपासा: घरात असलेल्या दोन वेगवेगळ्या पाकिटांच्या मागं आतल्या औषधाचं नाव वाचा. नाव वेगळं, कंपनी वेगळी आणि आत डायक्लोफिनॅक किंवा त्याचाच भाऊ ॲसिक्लोफिनॅक, असं सर्रास असतं आणि माणूस दोन्ही खाऊन येतो.

टप्पा ४: या खुणा दिसल्या तर पुढचं वाचू नका, निघा

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर, किंवा थंडी वाजून हुडहुडी भरली. काखेत लावलेला थर्मामीटर थोडा कमीच दाखवतो, त्यामुळं काखेत १०० आलं आणि अंग थरथरतंय तर तेही धराच. कुशीतली कळ आणि थंडी-ताप एकत्र म्हणजे तुंबलेल्या लघवीत जंतू वाढलेत असं समजायचं. हे जंतू रक्तात उतरले तर काही तासांत बीपी पडतं, माणूस आयसीयूत जातो. अशा वेळी नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही, तुंबलेली लघवी बाहेर काढावीच लागते, एक तर खालून दुर्बिणीनं नळी टाकून किंवा पाठीतून किडनीत नळी घालून.

वयस्कर माणसाला, डायबेटिसवाल्याला आणि ज्याला स्टेरॉइड चालू आहे त्याला ताप येईलच असं नाही. तिथं दुसऱ्या गोष्टी बघा. सुस्त पडलाय, बरळतोय, अंग थंडगार लागतंय, शुगर एकदम वाढलीय, श्वास जोरात चाललाय. दुखणं उतरल्यावरसुद्धा नाडी मिनिटाला शंभरच्या वर पळत असेल तर ती दुखण्यामुळं नाही.

लघवी बंद. पाणी पोटात जातंय तरी सहा-आठ तास लघवीच नाही, किंवा चोवीस तासांत मिळून ४०० मिलीच्या आत. यात दोन प्रकार आहेत आणि दोन्ही धोक्याचे. ओटीपोट फुगलंय, लघवीची जोराची भावना आहे आणि होत नाही, म्हणजे खडा अगदी खाली, लघवीच्या मार्गात, अडकला असू शकतो. ओटीपोट मोकळं, भावनाच नाही, म्हणजे लघवी वरून खाली येतच नाहीये, दोन्ही बाजू बंद आहेत किंवा एकुलती एक किडनी बंद आहे. हा दुसरा प्रकार शांत असतो, म्हणून जास्त उशीर होतो.

याशिवाय, पाण्याचा घोटही टिकत नाही इतक्या उलट्या, औषध देऊनही न थांबणारी कळ, दोन्ही कुशींत एकदम दुखणं, एकच किडनी असलेल्याला कुठलीही कळ, गरोदर बाईला कळ. लहान पोरांना कुशीत दुखतंय हे सांगता येत नाही, ती "पोट दुखतंय" म्हणतात आणि ओकतात, त्यांना घरी ठेवून बघत बसू नका.

सावध: ताप असताना पुण्याला न्यायचा घाट घालू नका. आपल्याकडं जरा पैसा असलेल्या घरात पहिला विचार तोच येतो, कुणाचा तरी जावई तिथल्या मोठ्या हॉस्पिटलच्या ओळखीचा असतो. अडीचशे किलोमीटर म्हणजे चार तास तरी गेलेच. तुंबलेलं आधी इथं सोलापुरात मोकळं करून घ्या, माणूस स्थिर झाला की खडा काढायला पुणं, मुंबई, हैदराबाद, कुठंही जा.

टप्पा ५: टप्पा ४ मधल्या खुणा नाहीत, मग पहिले चोवीस तास

दुखणं गोळीनं आटोक्यात आलं, ताप नाही, लघवी होतेय, उलटी थांबलीय. मग त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरला दाखवायचं आहेच, पण तोवर एक कागद करा. वेळ, ताप, लघवी किती मिली, कळ दहापैकी किती, उलटी, घेतलेली गोळी. दर चार तासांनी एक ओळ. हे काम पेशंटला सांगू नका, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं. प्रत्येक लघवी गाळणीतून, अगदी दुखणं थांबल्यावरसुद्धा. खडा सापडला तर कोरड्या डबीत ठेवा, तो लॅबला तपासता येतो आणि पुढच्या वेळी काय टाळायचं ते त्यावरून कळतं.

पाण्याचं मात्र ऐका. "चार लिटर पी, धक्क्यानं पडतो" हा सल्ला कळ चालू असताना देऊ नका. नळी बंद आहे, वरून अजून पाणी आलं की दाब वाढतो आणि कळ वाढते, खडा काही जोरानं ढकलला जात नाही. तहान लागेल तसं, घोट-घोट. कळ गेल्यावर आणि पुढं आयुष्यभर भरपूर प्या, ते वेगळं. बियर त्याच कारणानं नको, वर अंगातलं पाणी कमी करते आणि पेनकिलरसोबत पोटाला लागते ती निराळीच.

हुलग्याचं माडगं, पानफुटीचं पान, लिंबू-पाणी यावर मी भांडत नाही, आमच्या घरातही माडगं होतं. पण अडकलेल्या खड्यावर ते उपचार म्हणून करत बसायचं नाही. नारळपाणी आणि ते गोड-आंबट सायट्रेटचं सिरप, ज्यात पोटॅशियम असतं, यांच्याबद्दल खास सांगतो. लघवी कमी होत असेल किंवा क्रिएटिनीन वाढलेलं असेल तर हे दोन्ही बंद, कारण बंद पडलेली किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. शिवाय ते सिरप युरिक ॲसिडच्या खड्यावर चालतं, आपल्याकडं सगळ्यात जास्त आढळणारा कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा त्यानं विरघळत नाही. लोक दर महिन्याला बाटली नेतात, आम्हाला काय, आम्ही देतो.

तपासा: लघवी नेहमीएवढी होतेय म्हणून निर्धास्त होऊ नका. एक बाजू शंभर टक्के बंद असली तरी दुसरी किडनी चांगली असेल तर लघवीचं प्रमाण जवळपास तेवढंच राहतं. लघवी मोजायची ती दोन्ही बाजू बंद होत नाहीत ना हे बघायला. एक बाजू अडकलीय का हे मापाचा मग सांगू शकत नाही, ते सोनोग्राफीच सांगते.

टप्पा ६: डॉक्टरकडं, तपासण्या आणि रिपोर्ट वाचणं

गेल्यावर "खडा आहे, लिहून द्या" असं सुरू करू नका. कळ कधी सुरू झाली, कुठून कुठं गेली, ताप किती होता आणि गोळीच्या आधी का नंतर, कागद पुढं ठेवा.

साधारण लघवीची तपासणी, रक्ताचा सीबीसी, क्रिएटिनीन आणि सोनोग्राफी होते. ताप असेल तर लघवीचं कल्चर, म्हणजे कुठले जंतू आहेत ते बघायची तपासणी, आणि त्याचं सॅम्पल अँटिबायोटिक सुरू व्हायच्या आधी द्यायचं. सोनोग्राफीला लघवी भरलेली लागते, पण कळ चालू असलेल्या माणसाला बाकावर बसवून तांब्यावर तांब्या पाणी पाजण्याची जी पद्धत पडलीय ती बघवत नाही. दुखत असेल तर तसं सांगा, किडनी सुजलीय का हे मूत्राशय तुडुंब नसतानाही दिसतं. शिवाय मूत्राशय फारच भरलेलं असलं की किडनी थोडी फुगलेली दिसू शकते, म्हणून थोडीच सूज आली असेल तर लघवी करून आल्यावर परत एकदा बघायला सांगा.

रिपोर्टात तीन गोष्टी शोधा. एक, हायड्रोनेफ्रोसिस, म्हणजे तुंबल्यामुळं किडनीला आलेली सूज, माइल्ड, मॉडरेट की सिव्हिअर. दोन, खड्याची जागा. पीयूजे म्हणजे अगदी वर, व्हीयूजे म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी, आणि जितका खाली तितका आपोआप पडायचा चान्स जास्त. तीन, मिमी. ५ मिमीच्या आतले बरेचसे खडे स्वतःहून पडतात, ५ ते १० मध्ये साधारण निम्मे, त्याच्या पुढं आशा धरून बसण्यात अर्थ नसतो.

आता फसवणारे रिपोर्ट. सोनोग्राफीत "खडा दिसला नाही, पण किडनीला सूज आहे" असं आलं तर खडा नाही असा अर्थ लावू नका. नळीचा मधला भाग आतड्यांच्या गॅसमागं लपतो, तिथला खडा सोनोग्राफीत सुटतो. त्याला विना-डायचा सीटी, म्हणजे एनसीसीटी केयूबी लागतो, त्यात जवळपास सगळे खडे दिसतात. एक्स-रेत युरिक ॲसिडचे खडे दिसत नाहीत. क्रिएटिनीन नॉर्मल आलं तर आनंद आहे, पण एका बाजूच्या अडथळ्यात ते बऱ्याचदा नॉर्मलच असतं, दुसरी किडनी काम सांभाळून घेते.

आणि सगळ्यात धोक्याचा, लघवीचा "क्लीन" रिपोर्ट. ताप आहे, कुशीत दुखतंय, आणि लघवीत पस सेल (पू-पेशी) नाहीत म्हणून माणूस घरी येतो. गच्चीवरच्या टाकीत घाण पाणी असलं आणि तिचा व्हॉल्व्ह बंद असला तर खालच्या नळाला दुसऱ्या टाकीचंच स्वच्छ पाणी येणार ना. पूर्ण अडकलेल्या बाजूची लघवी खाली येतच नाही, तपासलेली लघवी चांगल्या किडनीची असते. ताप आणि किडनीला सूज असेल तर लघवीच्या रिपोर्टवर विसंबून थांबायचं नाही.

डॉक्टरला निघायच्या आधी एवढं विचारून घ्या. पूर्ण अडकलाय का थोडा, किती दिवस वाट बघायची, आणि परत सोनोग्राफी कधी. तारीख घ्या, "बघू" नको.

टप्पा ७: दुखणं थांबलं, आता खरी चूक होते

कळ थांबायची कारणं दोन. खडा पडला, हे एक. दुसरं, खडा तिथंच आहे पण शरीरानं जुळवून घेतलं, दाब वाढला तशी किडनी कमी लघवी बनवायला लागली, ताण कमी झाला, दुखणं गेलं. बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसतं. दुसऱ्या प्रकारात किडनी रोज थोडी थोडी जाते आणि काही आठवड्यांत झालेलं नुकसान परत भरून येत नाही. मग सोनोग्राफीत किडनी म्हणजे पाण्याची पातळ पिशवी दिसते आणि माणूस म्हणतो, "मला तर काही त्रासच नव्हता."

त्यामुळं नियम असा धरा. खडा हातात मिळाला असेल किंवा तपासणीत नळी मोकळी आणि सूज उतरलेली दिसली असेल तरच पडला म्हणायचं. गाळणीत काही मिळालं नसेल तर डॉक्टरनं दिलेल्या तारखेला, साधारण पंधरा दिवसांत, परत सोनोग्राफी. दुखत नसलं तरी. दुखत नसलं तर जास्तच. खडा हातात मिळाला तरी पहिल्या रिपोर्टात दोन-तीन खडे होते का ते बघा, एक पडला आणि दुसरा त्याच जागी बसला असंही होतं.

वाट बघायला मुदत असते. ताप नाही, दुखणं आटोक्यात, दुसरी किडनी ठणठणीत आणि खडा लहान असेल तर डॉक्टर सहसा चार ते सहा आठवड्यांपर्यंत थांबू देतात, अधूनमधून तपासून. त्याच्या पुढं ओढायचं नाही. या काळात टॅमसुलोसिनची गोळी दिलेली असू शकते, तिनं नळीचा खालचा भाग सैल होतो. ती घेऊन झटकन उठलं की चक्कर येते, म्हणून रात्री झोपताना घ्या आणि पहाटे लघवीला उठताना आधी पलंगावर बसा. पुरुषांना या गोळीवर वीर्य कमी येतं, गोळी बंद झाली की पूर्ववत होतं, घाबरून मध्येच सोडू नका. ही गोळी शेजाऱ्याची उरलेली घ्यायची वस्तू नाही, बीपीच्या गोळ्यांसोबत विचारूनच.

सावध: या वाट बघायच्या काळात टप्पा ४ मधली एकही खूण दिसली की मुदत संपली. "अजून दहा दिवस आहेत" असं म्हणायचं नाही.

टप्पा ८: नळी टाकली असेल तर

ताप आणि अडथळा घेऊन गेलेल्या पेशंटच्या घरचे हमखास चिडतात, "भूल दिली, दुर्बीण घातली, मग खडा का नाही काढला? परत बोलावतात म्हणजे पैसे काढायचं काम." तसं नाहीये. आत पू-जंतू असताना खडा फोडायला गेलं तर दाबानं ते रक्तात जातात. म्हणून आधी नळी टाकून लघवीला वाट करायची, इन्फेक्शन पूर्ण बसवायचं, मग काही दिवस-आठवड्यांनी खडा. हे बरोबरच आहे.

ही आतली नळी म्हणजे डीजे स्टेंट. ती असताना लघवीला सारखं जाऊ वाटणं, करताना कुशीत कळ, मधूनच लालसर लघवी, जास्त चाललं की वाढणारा त्रास, हे चालतं. ताप-थंडी, लघवीत गाठी, लघवी बंद होणं हे चालत नाही, नळीसुद्धा तुंबते. नळी आहे म्हणून आता अडकणारच नाही असं धरून चालू नका.

आणि ती काढावी लागते. आपोआप विरघळत नाही, पडत नाही. बरं वाटलं, कामावर रुजू झाले, विसरले, असे लोक दरवर्षी निघतात, मग तिच्यावरच खड्याचे थर चढतात आणि जी पाच-दहा मिनिटांत निघाली असती तिला मोठं ऑपरेशन लागतं. साधारण तीन महिन्यांच्या आत ती निघाली किंवा बदलली पाहिजे, नेमकी तारीख तुमचा डॉक्टर सांगेल. डिस्चार्ज कार्डावर "डीजे स्टेंट इन सिटू" लिहिलंय का बघा, म्हणजे नळी आत आहे. डिस्चार्जच्या काउंटरवरून उठायच्या आधीच काढायची तारीख विचारा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा, एक पेशंटच्या आणि एक ज्याला पेशंट घाबरतो त्याच्या.